लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरचे दोनशे सांधे

न्यूयॉर्कला जाऊन आलेल्या माणसाला परतल्यावर तीन प्रश्न हमखास विचारले जातात. लिबर्टीचा पुतळा पाहिलात का, टाइम्स स्क्वेअरला गेला होतात का, आणि तिकडे भाजी काय भावाने मिळते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या सौभाग्यवतींकडे तयार असते. पहिल्या दोहोंना मी नुसती मान डोलावतो. पण त्या शहरात मी खरोखर काय पाहायला गेलो होतो, हे अजून एकानेही विचारलेले नाही. म्हणून येथे न विचारताच सांगून टाकतो. मी काही बोल्ट पाहायला गेलो होतो. आणि ते मला दिसले नाहीत.

पोलादी बांधकामाचे नकाशे तपासणे हा माझा अडतीस वर्षांचा धंदा. कारखान्यांच्या शेड, पाण्याच्या टाक्यांचे मनोरे, क्रेनचे गर्डर, एकदोन पादचारी पूल. वाचकांनी माझे काम पाहिले असण्याचा संभव फार. लक्षात राहिले असण्याचा मुळीच नाही. या धंद्यातल्या माणसाचे नाव लोकांच्या तोंडी येते ते काही कोसळले तरच. तेव्हा कोणी ओळखत नाही यातच आमची अब्रू असते.

लेक जर्सी सिटीला राहते. तिच्याकडच्या मुक्कामात जावईबापूंनी मला पाहण्याच्या जागांची छापील यादीच हाती दिली. मी खाली पेनाने एक ओळ वाढवली : लेक्सिंग्टन अव्हेन्यू, त्रेपन्नावा रस्ता.

"तिथे काय आहे बाबा? नुसती ऑफिसं आहेत," लेक म्हणाली.

"एक इमारत आहे."

"न्यूयॉर्कमध्ये?" जावईबापू म्हणाले, आणि तोंड वळवून हसले.

एका मंगळवारी आम्ही दोघेच निघालो. नदीखालून जाणाऱ्या गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरलो, तेथून 'ई' गाडी पकडली आणि लेक्सिंग्टनला बाहेर आलो. पायऱ्या चढून वर पाहिले आणि तसाच उभा राहिलो. या गावी लोक रस्त्यात थांबत नाहीत. मागून येणाऱ्या दोघातिघांनी मला वळसा घातला आणि एकाने बहुधा शिवीही घातली.

इमारत एकोणसाठ मजल्यांची आहे. उंची ९१५ फूट. पूर्वी तिला सिटीकॉर्प सेंटर म्हणत. आता नुसता पत्ता हेच नाव, ६०१ लेक्सिंग्टन अव्हेन्यू. माथा पंचेचाळीस अंशांत तिरका कापलेला, सुरीने खरवसाची वडी कापावी तसा. पण पाहण्यासारखी गोष्ट माथ्याशी नाही, पायाशी आहे. चौकोनी इमारतीला खांब कोठे असावेत? चार कोपऱ्यांत. पाटाला पाय असतात तसे. येथे कोपऱ्यांत काहीच नाही! खांब आहेत चार बाजूंच्या मधोमध, आणि तेही सुमारे ११४ फूट, म्हणजे नऊ मजले उंच. पोटाखाली मध्यभागी लिफ्टचा गाभा. बाकी सगळा मनोरा अधांतरी. कोपऱ्याखाली उभे राहून वर पाहिले की मान आपोआप खांद्यांत जाते.

"अहो, हे पडत नाही का?" सौ.ने विचारले.

अडतीस वर्षांत या बाईने माझ्या धंद्याविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि तोच नेमका त्या जागेचा प्रश्न होता. उत्तर उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते. आम्ही आत जाऊन दोन कॉफ्या घेतल्या आणि बसलो.

खांब असे विचित्र जागी का, याचे उत्तर त्या चौकातच आहे. वायव्येच्या कोपऱ्यात सेंट पीटर्स नावाचे ल्यूथरपंथी देऊळ आहे, ग्रॅनाइटच्या एखाद्या मोठ्या खडकासारखे. जुने देऊळ याच जागी होते. बँकेला चौक हवा होता. मंडळींनी जागा दिली, पण अट घातली की आमचे नवे देऊळ याच कोपऱ्यात उभे राहील आणि तुमच्या इमारतीपासून ते वेगळे असेल. कोपरा देवाला गेला, तेव्हा खांब मध्ये सरकवणे आले. ह्यू स्टबिन्स हे वास्तुकार आणि विल्यम लमेझुरिए हे इंजिनियर. लमेझुरिए यांनी डोके असे चालवले की मनोऱ्याच्या प्रत्येक बाजूवर आठआठ मजल्यांचे 'व्ही'च्या आकाराचे पोलादी तिरके दांडे, एकाखाली एक असे सहा थर लावायचे. कोपऱ्यांवरचे वजन आणि वाऱ्याचा जोर ते गोळा करून मधल्या खांबाकडे आणतात. आपल्याकडे डोंगरउतारावरचे पाणी जसे आडव्या चरांनी एका ओढ्याला आणतात, तसेच. हे दांडे बाहेरून दिसावेत अशी इंजिनियरची हौस होती. वास्तुकाराने ते ॲल्युमिनियमच्या पत्र्याआड झाकले. नवराबायकोच्या भांडणात असते तसे येथे दोघांचेही बरोबर होते, असे माझे मत.

आता आठ मजले लांबीचा दांडा काही ट्रकमधून अखंड येत नाही. तो तुकड्यांनी येतो आणि जागेवर जोडावा लागतो. जोडण्याच्या रीती दोन. एक वेल्डिंग : दोन्ही तुकडे वितळवून एकजीव करायचे. सांधा मूळ दांड्याइतकाच बळकट होतो. पण उंचावर, वाऱ्यात, असे जाडजूड वेल्डिंग करणे म्हणजे वेळ आणि पैसा. दुसरी रीत बोल्टची. दोन्ही तुकड्यांवर पट्टी ठेवायची, भोके पाडायची आणि आवळायचे. इमारतीच्या मूळ नकाशात सांधे वेल्डिंगचे होते. पोलाद पुरवणाऱ्यांनी म्हटले, इतके भक्कम वेल्डिंग गरजेपेक्षा जास्त आहे, बोल्ट लावू. काम लवकर होईल, स्वस्त होईल. लमेझुरिए यांच्या न्यूयॉर्कच्या कचेरीने ते मान्य केले. खुद्द लमेझुरिए बॉस्टनकडे. त्यांना ते कळले १९७८ च्या मे महिन्यात, म्हणजे इमारत उभी राहून, लोक कामाला येऊ लागल्यावर.

बोल्ट लावले यात काही पाप नाही. अमेरिकेत उच्च ताकदीच्या बोल्टांचे नियम १९५१ मध्ये निघाले आणि पुढे त्यांनी रिव्हेटला हद्दपार केले. आपल्याकडेही आज तेच आहे. अंगठ्याएवढा जाड, वीस मिलिमीटरचा बोल्ट घ्या. त्याच्या डोक्यावर ८.८ असे कोरलेले असते. पहिल्या आठाचा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला आठशे न्यूटन ओढ लागली की तो तुटतो. दुसऱ्या आठाचा अर्थ, त्याच्या आठ दशांश ओढीला तो कायमचा लांबू लागतो. आमच्या नियमांनी हिशेब केला तर असा एक बोल्ट आडव्या कापाला सुमारे नऊ टन झेलतो. दोन दांडगे हत्ती म्हणा. शिवाय तो नीट आवळला तर पट्ट्यांना चौदा टनांच्या जोराने चिमटीत धरतो, आणि मग बोल्ट कापला जाण्याआधी पट्ट्यांमधले घर्षणच भार नेते. हे आवळणेही शास्त्राने करावे लागते : आधी पट्ट्या एकमेकींना चिकटेपर्यंत, आणि त्यानंतर मोजून अर्धा फेरा, बोल्ट लांब असेल तर थोडा अधिक. नवशिका फिटर पान्याला लोंबकळतो आणि जुना फिटर खडूने नटावर खूण करून फेरा मोजतो. मुकादमाने कोणाला रोजावर ठेवावे हे सांगायला नको.

तपासणारा मात्र बोल्टवरच थांबला तर फसतो. बोल्ट शाबूत राहून पट्टी फाटू शकते. भोक कडेच्या फार जवळ असेल तर कागदाच्या फाइलचे भोक ओढून फाटते तसे पोलादही फाटते. म्हणून कडेपासून भोकाच्या दीडपट, कापलेली कड ओबडधोबड असेल तर एक पूर्णांक सात दशांशपट अंतर ठेवायचे. बोल्टांची अख्खी ओळ पट्टीचा तुकडा घेऊन उपटली जाऊ शकते. भोकांमुळे दांड्याचेच पोट कमी होते ते वेगळे. एका सांध्याला मरण्याच्या पाचसहा वाटा असतात आणि तपासणाऱ्याने प्रत्येक वाटेवर चालून यावे लागते. पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न असतो : सांध्यावर जोर येतो किती? तो आकडाच चुकला तर पुढचे सगळे शुद्ध गणित अशुद्ध.

लेक्सिंग्टनवर तेच झाले. कॉफीच्या टेबलावर कागदी रुमाल पसरून मी सौ.ला ते समजावू लागलो आणि तिने ते माझ्याहून लवकर पकडले, कारण मी घरखर्चाचे उदाहरण घेतले. इमारतीचे वजन त्या दांड्यांना दाबत असते. वारा त्यातल्या काहींना ओढू पाहतो. सांध्याच्या बोल्टांवर ओढ येते ती या दोहोंची वजाबाकी. समजा वाऱ्याची ओढ शंभर आणि वजनाचा दाब पंचाहत्तर, शिल्लक पंचवीस. बोल्ट पंचविसांपुरते दिले. आता वारा समोरून न येता कोपऱ्यावर तिरका आला तर दोन बाजूंना एकदम लागतो, आणि या इमारतीचे खांब मध्ये असल्यामुळे प्रत्येक थरातल्या आठ दांड्यांपैकी चारांत त्याची ओढ चाळीस टक्क्यांनी वाढते.

"म्हणजे एकशेचाळीस," सौ. म्हणाली. "दाब पंचाहत्तरच. शिल्लक पासष्ट!"

पंचविसाचे पासष्ट. पगार चाळीस टक्क्यांनी वाढला आणि शिल्लक एकशेसाठ टक्क्यांनी. घरी असे झाले तर पेढे वाटावेत. येथे ती शिल्लक बोल्टांच्या उरावर. हे पंचाहत्तर आणि पंचवीस माझे, समजुतीपुरते. पण चाळिसाचे एकशेसाठ झाले हे लमेझुरिए यांच्या हिशेबात अक्षरशः आले होते. दांडे चाळीस टक्के पचवू शकत होते. वेल्डिंग असते तर सांधेही दांड्याइतकेच भक्कम असते आणि ही चूक कोणाला कळलीही नसती. बोल्ट मात्र शिलकीच्या मापाने कापलेले. त्यातच कचेरीने हे दांडे खांब न मानता कैचीचे अवयव मानले होते, त्यामुळे नियमाप्रमाणे ठेवायची जादा ताकदही सुटली होती.

आणि तिरका वारा तपासला का नव्हता? कारण शहराच्या तेव्हाच्या नियमात फक्त समोरचा वारा मागितला होता. नेहमीच्या, कोपऱ्यांत खांब असलेल्या इमारतीला तो पुरतो. ही इमारत नेहमीची नव्हती. लमेझुरिए सांगत की एका विद्यार्थ्याच्या फोनमुळे आपण पुन्हा गणिताला बसलो. त्याचे नाव त्यांना आठवत नव्हते. डायन हार्टली नावाची प्रिन्स्टनची विद्यार्थिनी त्याच १९७८ साली या इमारतीवर प्रबंध लिहीत होती. तिनेही तिरक्या वाऱ्याचा आकडा काढला, त्यांच्या कचेरीत विचारले, आणि सगळे ठीक आहे असे उत्तर तिला मिळाले. आपल्या प्रश्नाचा या प्रकरणाशी संबंध होता हे तिला कळले पुष्कळ वर्षांनी, दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम पाहताना.

जुलैच्या अखेरीस लमेझुरिए मेन संस्थानातल्या सेबेगो तळ्यातल्या बेटावर, आपल्या उन्हाळी घरी गेले आणि एकेक सांधा तपासला. सर्वांत दुबळा निघाला तिसाव्या मजल्यावरचा. तो गेला की सगळे गेले. इमारतीच्या माथ्यावर झोके आवरायला चारशे टनांचा काँक्रीटचा ठोकळा तेलावर तरंगत ठेवलेला आहे. पण तो विजेवर चालतो, आणि वादळात वीज टिकेलच असे कोण सांगणार? वीज गेली तर सरासरीने दर सोळा वर्षांनी एकदा येणारे वादळ पुरेसे होते. पुढे त्यांनीच सांगितले आहे की त्यांना तीन वाटा दिसल्या : गप्प राहणे, जीव देणे, किंवा सांगणे. त्यांनी सांगितले. वास्तुकाराला, विमावाल्यांना, बँकेला, शहराच्या अधिकाऱ्यांना.

मग ऑगस्टमध्ये काम सुरू झाले. कामगार घरी गेले की सुतार सांध्यांभोवती प्लायवूडच्या खोल्या उभारत, गालिचे गुंडाळत, भिंतीचे पत्रे काढत. रात्री आठपासून पहाटे चारपर्यंत वेल्डर दोन इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या सांध्यांवर जोडत. दोनशेहून अधिक सांधे, आठवड्याचे सातही दिवस. सकाळी कारकून मंडळी येत तेव्हा सगळे झाडूनपुसून ठेवलेले. सप्टेंबरच्या आरंभी 'एला' नावाचे चक्रीवादळ किनाऱ्याकडे येऊ लागले. आसपासची वस्ती हलवण्याची योजना तयार होती. वादळ समुद्राकडे वळले. ऑक्टोबरपर्यंत काम उरकले.

आणि शहराला पत्ता नाही. १० ऑगस्टपासून न्यूयॉर्कच्या मोठ्या वृत्तपत्रांचा संप सुरू झाला होता. जे थोडे जाहीर झाले ते असे की, नव्या माहितीनुसार इमारत थोडी अधिक बळकट करीत आहोत, धोका काही नाही. खरी हकीकत छापून आली १९९५ च्या मे महिन्यात, 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात. सतरा वर्षांनी! लमेझुरिए यांचा पुढे गौरवच झाला. धीर दाखवणारा इंजिनियर म्हणून विद्यार्थ्यांना त्यांचा धडा शिकवतात. २००७ मध्ये ते गेले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या संशोधकांनी आजच्या पद्धतीने हिशेब केला तेव्हा असे निघाले की या इमारतीला तिरक्या वाऱ्यापेक्षा समोरचाच वारा भारी. आमच्या धंद्यातले काही हुशार लोक यावर हसतात. मला हसू येत नाही. त्या माणसाच्या हाती १९७८ चे ज्ञान होते, त्या ज्ञानाने धोका दिसत होता, आणि त्या रात्री जे करायचे ते त्याने केले.

मला खटकते ते दुसरेच. ते सतरा वर्षांचे मौन.

खटकते म्हणण्याचा मला अधिकार किती, हे आता सांगतो. त्यासाठी कॉफीच्या टेबलावरून एकदम पुणे जिल्ह्यात, १९८३ सालात यावे लागेल. एका कारखान्याची शेड होती. छपराच्या कैच्या खांबांना बोल्टांनी धरायच्या होत्या. येथेही तीच वजाबाकी : वारा हलके छप्पर वर उचलतो, छपराचे वजन त्याला खाली धरते, उरते ते बोल्टांवर. चौरस मीटरला वाऱ्याची उचल ऐंशी किलो, ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांसकट वजन चाळीस, शिल्लक चाळीस. मी बोल्ट चाळिसांसाठी दिले. काम निम्मे झाल्यावर मालकाने कळवले की ॲस्बेस्टॉसऐवजी जस्ताचे पत्रे लावतो, स्वस्तात मिळताहेत. मी पत्राच्या कोपऱ्यात लिहिले : 'छप्पर हलके होत आहे. हरकत नाही.' आणि सही केली.

कचेरीत एक नवा मुलगा होता, डिप्लोमा करून आलेला. चारपाच दिवसांनी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "साहेब, छप्पर हलकं झालं म्हणजे वारा ते जास्त उचलणार ना?" मी त्याला म्हटले, "तू आपली तुळयांची यादी पुरी कर." तो गेला. रात्री घरी मला झोप लागेना. वजन चाळिसाचे अठ्ठावीस झाले होते. शिल्लक चाळिसाची बावन्न. वजन कमी झाले की काम सोपे झाले, हे धंद्यात इतके अंगवळणी पडले होते की उलट्या दिशेने मी पाहिलेच नाही. शेड लगेच उडून गेली असती असे नाही. पण ठेवायला हवी ती सुरक्षिततेची मर्यादा उरली नव्हती. आणि वळवाचे दिवस तोंडावर.

दुसऱ्याच दिवशी मी जागेवर गेलो आणि आठवड्यात प्रत्येक सांध्याला दोन बोल्ट वाढवून घेतले. वहीत नोंद केली : 'अतिरिक्त बळकटी, खबरदारी म्हणून.' मालकाने माझ्या दक्षतेबद्दल आभाराचे पत्र पाठवले. साहेबांनी ते कचेरीत वाचून दाखवले. तो मुलगा तिसऱ्या रांगेत बसला होता. माझ्याकडे पाहत नव्हता. पेन्सिलीला टोक करीत होता. मी काही बोललो नाही. वर्षभरात तो नोकरी सोडून गेला, आणि मग बोलायचे कोणाजवळ हा प्रश्नच मिटला, असे मी मानले.

कॉफी गार झाली होती. सौ.ने कागदी रुमालाची घडी घातली.

"हे मला आजवर सांगितलं नाहीत."

"कोणालाच नाही."

"त्याचं नाव काय?"

मी नाव सांगितले. येथे लिहीत नाही; छापायचे तर आधी त्याला विचारले पाहिजे. अलीकडे त्याचा पत्ता शोधतो आहे. नागपूरकडे कोठे तरी स्वतःची कचेरी काढली असे कोणीसे म्हणाले.

"मग त्यांच्या इथले ते बोल्ट दाखवा की," ती उठत म्हणाली. मी तिला सांगितले की ते दिसणार नाहीत; आधी त्यांच्यावर पोलादाची पट्टी, तिच्यावर भिंत, आणि बाहेरून ॲल्युमिनियम. तरी आम्ही इमारतीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. चौपन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर देवळाच्या मोठ्या काचेतून खाली सभागृह दिसते. कोणी एकटाच पियानोवर बोटे चालवीत होता. वर नऊ मजले मोकळी हवा, आणि तिच्यावर पन्नास मजल्यांची माणसे कामात. वारा सुटला होता. मी नकळत दिशा पाहिली. कोपऱ्यावरून, तिरका येत होता.

परतीच्या वाटेवर स्टेशनात उभे असताना सौ. एका जुन्या, रंगाचे थरावर थर चढलेल्या खांबाजवळ गेली. त्यावर गोल गोल उंचवट्यांची रांग होती.

"हे का ते बोल्ट?"

"नाही. हे रिव्हेट."

तिने एकावर बोट ठेवले, मग खालच्यावर, मग त्याच्या खालच्यावर. "आणि हे कोणी तपासले होते?" तिने विचारले. तेवढ्यात गाडी आली.